दुसऱ्या सेटपायी गेलेल्या वाट्या

तीर्थरूप मामांच्या पायावर जावई सुदर्शनचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? उसाला तोड मिळाली का? (हे फोनवरच विचारलं असतं, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन कापता, म्हणून पत्र गंगापूरच्या जीपवाल्याच्या हाती देतोय.) इकडं मी मजेत नाही. करुणा रुसून तुमच्याकडं आल्यापासून घर खायला उठतंय.

तिनं सांगितलं ते खरं आहे. फक्त मी सट्टा लावला नव्हता, अंदाज विकत घेतला होता. शहागंजात माझा दोस्त कडूबा याचं मोबाईलचं दुकान आहे, तिथं ऑस्ट्रेलियातल्या टेनिसवर 'होय' आणि 'नाही' मिळतं. अख्ख्या मॅचवर नव्हे, एकेका सेटवर. अमका दुसरा सेट घेईल वाटलं तर 'होय' घ्यायचं. त्यानं घेतला तर पूर्ण रुपया, नाही तर रद्दी. मधल्या वेळात भाव हलतो, मोंढ्यात कापसाचा हलतो तसा. (मोंढ्यात तुमची हयात गेली, मामा, तुम्हाला तरी हे कळावं.)

तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या आणायला करुणानं मला शहागंजात धाडलं. भांड्यांच्या दुकानाला लागूनच कडूबा. म्हटलं, नुसत्या वाट्या काय द्यायच्या, बायांना झाकणाचे डबे देऊ! दुसरा सेट सुरू होताना 'होय' निम्म्या भावात होतं, सगळ्या पैशाचं घेतलं. माझा गडी पाच-एकनं पुढं गेला. कडूबा म्हणाला, "इक आता, डबे निघाले." मी म्हटलं थांब, अजून चार पैसे चढू दे. आणि त्या मुडद्याला तिथून काय झालं कोण जाणे, सर्व्हिस जाळ्यात, फटका बाहेर. सेट पाच-सातनं गेला. पुढं मॅच मात्र त्यानंच जिंकली! लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि जिंकलेल्या माणसाच्या नावानं रडणारा मी एकटा.

रिकाम्या हातानं घरी कसा जाऊ? मागच्या दारानं शिरलो, फडताळातल्या आमच्याच वाट्या पुसल्या, कागदात गुंडाळून ठेवल्या. करुणानं भोळेपणानं वाटल्या. लक्ष्मीबाई शेजारणीनं तिथंच कागद सोडला, चष्मा लावला आणि वाटीवर कोरलेलं मोठ्यानं वाचलं: 'चि. सौ. कां. करुणा हिस लग्नात, काका अप्पाराव यांजकडून'. मग सगळ्याच बायांनी आपापल्या वाट्या वाचल्या. दिलेलं वाण परत कोण मागतं? करुणानं सकाळची एसटी धरली. मामा, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. तिच्यावाचून मला करमत नाही हो. टेनिसचं नाव काढणार नाही, तिला समजवा.

तुमचा (अजून तरी) जावई,
सुदर्शन

ता. क. समजवा, पण रविवारनंतर. 'वहिनी रविवारपर्यंत परत येणार का?' असाही बाजार कडूबानं दुकानात उघडलाय. तुमच्या लेकीचा स्वभाव मला ठाऊक, म्हणून मी 'नाही' घेतलंय. लई घेतलंय.

आणखी एक. जीप सुटतेय, आणि कडूबा आत्ता सांगतोय की माझ्यासमोरचं सगळं 'होय' एकाच गिऱ्हाइकानं फोनवरून उचललं. गिऱ्हाईक गंगापूरचं आहे, बाई आहे. मामा, पाया पडतो, रविवार उलटेस्तोवर तिला स्टँडकडं फिरकू देऊ नका.