कुंपण नसलेला मुक्काम

९ सप्टेंबर २००५, मॉरिसव्हिल

काल सकाळी आंघोळ करून मी या घरात पहिल्यांदा देव मांडले. राजेशने मला बेसमेंटमधली खोली दिली आहे. तळघर म्हणायचं, पण अंधार नाही. पूर्वेला काचेचं सरकतं दार, बाहेर थोडं गवत आणि पुढे पाइनची दाट झाडी. दाराशेजारच्या फळीवर आमच्या ग्रामदेवतेचा चांदीचा टाक ठेवला आणि उदबत्ती लावली. धुराचा अलार्म ठणाणा वाजू लागला. वरून राजेशची बायको, निधीवहिनी, टॉवेल हलवत धावत आल्या आणि हसत सुटल्या. त्यांची आठ वर्षांची आरोही कानांवर हात ठेवून टाकाकडे बघत राहिली. देवाने अमेरिकेत आल्याची वर्दी दिली, असं राजेश म्हणाला.

राजेश माझ्याच गावचा, दहा वर्षांनी लहान. मला रंगादादा म्हणतो. मुंबईत सहल कंपनीत बसून आफ्रिकेच्या सफारी जुळवण्यात माझी उमर गेली. आता इथल्या मराठी कुटुंबांसाठी तेच काम करायला त्याने मला बोलावून घेतलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कोणी इतक्या लांबून बोलावतं, याचं समाधान वाटतं.

२० सप्टेंबर

काम ओळखीचं आहे. माणसं सिंह कुठे दिसेल ते विचारतात. राहायचं कुठे, हे शेवटी. मी उलट सुरुवात करतो. रात्री दोनदा उठावं लागतं का? गुडघे कसे आहेत? कांदा-लसूण चालतो का? नीट झोप लागली नाही, तर दारात हत्ती आला तरी माणूस वैतागतो.

टांझानियात आमचे दोन मुक्काम आहेत. एक दगडी लॉज, भोवती विजेचं कुंपण, शाकाहारी स्वयंपाक. दुसरा नदीकाठचा तंबूंचा कॅम्प. तिथे कुंपण नाही, जनावरं तंबूंमधून ये-जा करतात, अंधार पडला की पहारेकरी जेवायला घेऊन जातो आणि परत सोडतो. मधोमध उंबराच्या जातीचं प्रचंड झाड आहे. फोटोत ते पाहून माझा हात नकळत छातीशी गेला.

४ ऑक्टोबर

ॲन आर्बरचे निवृत्त डॉक्टर उल्हासराव आणि वसुधाताई यांचं काही केल्या ठरेना. डॉक्टरांना तंबू हवा, वसुधाताईंना कुंपण. तिसऱ्या फोनला राजेश मध्येच म्हणाला, की आमचे रंगादादा गुरवाच्या घरचे आहेत, ते कौल लावतील. वसुधाताईंना ते फारच आवडलं.

आमच्याकडे टाकावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा, आधी पडेल ती पाकळी म्हणजे देवाचं उत्तर. वडील देवळात बसत, पण गावच्या शिवेबाहेरचा कौल त्यांनी कधी लावला नाही. देवाचा शब्द शिवेपर्यंत, पलीकडे दुसऱ्याची सत्ता, असं ते सांगत. परक्या जागेत वस्ती करायची तर त्या जागेच्या राखणदाराला आधी नारळ द्यायचा, ती त्याची राखण. मला हे सगळं माहीत होतं. पण फोनवर दोन म्हातारी माणसं वाट बघत होती, आणि मला नाही म्हणवेना.

उजवी कॅम्पची, डावी लॉजची. गावी कधीकधी तास जातो. इथे बोट काढतो न काढतो तोच उजवी पडली. आरोहीने फोनकडे बोट दाखवून विचारलं, "काका, इज गॉड ऑन स्पीकर?"

१२ नोव्हेंबर

राजेशने वेबसाइटवर माझा धोतरातला फोटो टाकला आहे. खाली लिहिलंय : देवाच्या कौलाने निवडलेला मुक्काम. मी ते काढ म्हणालो. तो म्हणाला, दादा, लोकांना श्रद्धा हवी असते यार, आपण फक्त डिलिव्हर करतो. आता फोन आला की लोक गुडघ्यांचं सांगत नाहीत, कौल लावा म्हणतात. रेडमंडच्या शंतनूने तर मीटिंगमधून फोन केला, देवाला जरा लवकर विचारा म्हणून.

प्रत्येक वेळी उजवी पडते. एकदाही डावी नाही. मी शेवंतीची पाकळी बदलून पाहिली, पाणी कमी केलं. उजवीच.

१० डिसेंबर

वसुधाताईंचा फोन. सफारी उत्तम झाली, म्हणाल्या. मग जरा थांबून, उल्हासराव हल्ली घरात बसत नाहीत. थंडीतही मागच्या डेकवर असतात. आत बोलावलं तर हसून म्हणतात, भिंती कशाला, तिथे कुठे होत्या.

शंतनूच्या बायकोचाही मेल आहे. कॅम्पहून परतल्यावर त्याने घराच्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या आहेत. का, हे त्याला सांगता येत नाही.

१४ जानेवारी २००६

उल्हासराव गेले. सकाळी मागच्या अंगणात बर्फात कुशीवर सापडले, पाय पोटाशी घेतलेले. वसुधाताई रडत नव्हत्या. एवढंच सांगितलं, "त्यांना कोणीतरी घरातल्या नावाने हाक मारली हो. मीही ऐकली."

राजेश म्हणाला, वय झालं होतं, डिमेन्शिया असणार, आणि दादा, कस्टमरशी असलं काही बोलू नका.

१९ जानेवारी

मीच कॅम्पच्या मॅनेजरला फोन लावला. जोसेफ नाव, सभ्य माणूस. त्यालाही वाईट वाटलं. म्हणाला, त्या झाडाखाली राहायचं तर गावातले वडीलधारे आधी जागेच्या मालकाला विचारतात, त्याला काही देतात, मग काही होत नाही. तुमच्या पाहुण्यांसाठी ते विचारायला आले होते. पण पाहुणेच म्हणाले, गरज नाही, आमच्याकडून विचारून झालंय, होकार आलाय.

फोन ठेवला.

माझा देव आपल्या शिवेत आहे. त्याने काहीच सांगितलेलं नाही. मी इथे बसून पलीकडच्याला विचारत होतो, तो हो म्हणत होता, आणि राखण मात्र कोणीच दिली नाही. त्या जागेचा दोष नाही. ती आपलं येणं घेते आहे.

२० जानेवारी

वसुधाताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कौल आम्ही दोघांसाठी मागितला होता, मग त्याने एकालाच का नेलं.

३ फेब्रुवारी

कौल बंद केला. राजेश चिडला आहे. व्हिसा त्याच्या हातात आहे, हे त्याने बोलून नाही दाखवलं, पण निधीवहिनी जेवताना माझ्याकडे बघत नव्हत्या. जोसेफकडून वडीलधाऱ्यांना निरोप धाडला, राखण द्या म्हणून. उत्तर आलं, विचारलं ज्याने, द्यायचं त्याने.

२६ फेब्रुवारी

शंतनू घरी नाही. रेडमंडच्या पावसात, मागची झाडी — अजून शोधताहेत.

आज पूजेला बसलो. पाकळी लावलीच नव्हती. टाकावर शेवंतीची ओली पाकळी, उजवीकडे. माझ्यादेखत पडली.

मी काही विचारलं नव्हतं.

१८ मार्च

राजेश सहकुटुंब निघाला आहे. आरोहीच्या सुटीत. कॅम्पलाच. म्हणतो, लोकांना पाठवतो आणि आपण कुंपणात राहिलो तर कसं दिसेल. मी पाया पडायचा बाकी राहिलो. तो म्हणाला, देवाने सांगितलं तर बदलतो, लावा कौल.

आरोही तंबूसाठी टॉर्च घेऊन आली आहे. मला दाखवून गेली.

१९ मार्च

सकाळी आरोहीच्या नावाने लावला. उजवी. पुन्हा. उजवी. पाकळी खाली पडण्याआधीच मला कळत होतं —

जिन्यावर राजेश उभा. काय आलं, म्हणाला.

आमच्या घराण्यात कौल कोणी खोटा सांगितला नाही. उपाशी राहिले, पण नाही.

"डावी आली," मी म्हणालो. "लॉज. आरोहीला कॅम्पला न्यायचं नाही."

तो खाली आला आणि टाकापुढे डोकं टेकवलं. इतके महिने मी खरं सांगत होतो तेव्हा तो धंदा करत होता. खोटं सांगितलं तेव्हा त्याने हात जोडले.

२४ मार्च, सकाळ

गेले. आरोही गाडीतून हात हलवत होती. बाय काका.

लॉजचं बुकिंग पक्कं. कुंपण आहे. पण होकार तिच्या नावाचा आहे. तो मी फिरवला. येणं राहिलंच.

दाराबाहेरचं गवत दबलेलं आहे. मोठं काही बसून गेल्यासारखं. सकाळचं ऊन आहे, लख्ख, शेजारचा माणूस पेपर उचलतोय, आणि झाडीतून —

रंगू.

वडिलांचा आवाज. वडील नव्हेत. मला माहीत आहे.

पुन्हा.

मी गेलो नाही तर तो तिकडे वळेल. तिचं विमान अजून —

टाक कापडात बांधून वर निधीवहिनींच्या देव्हाऱ्यात ठेवला. तिथून तो काही बोलणार नाही. नारळाची वेळ गेली.

ज्याने विचारलं, त्याने द्यायचं.

कडी काढली. दार सरकवलं. वही हातातच, बाहेर पाय ठेवून मोठ्याने म्हणालो, पोरीच्या जागी मी. त्याने हो म्ह—