हातानं दाबायचा क्लच

प्रिय आई,

आज सकाळी बाबा एकटेच गाडी घेऊन सेलूच्या बाजाराला गेले आहेत. घरात मी एकटी. चहा दोनदा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. फोन हातात घेते आणि परत ठेवते. गाडी चालवताना फोन वाजला तर ते उचलायला जातील, ही त्यात आणखी एक भीती. मग म्हटलं, तुलाच लिहावं. असल्या वेळी या घरात तुझ्याइतकं जागं दुसरं कोण असायचं?

पण आधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुझ्या फोटोसमोर रोज दिवा लावते, तरी हे तोंडातून कधी निघालं नाही. आई, बाबांचा डावा पाय गेला. गुडघ्याच्या खाली.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी वावरात त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा रुतला. त्यांची साखर तर तू होतीस तेव्हाच निघाली होती. काटा काढला, हळद लावली आणि कोणाला काही सांगितलं नाही. पाय काळा पडला तेव्हा आम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात धावलो. तिथे डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, म्हणून आज बाबा आहेत. पण दुखणं लपवायची ही खोड तुम्हा दोघांना कुणी लावली? तू छातीत कळा येत असताना वांगी तोडत राहिलीस. संध्याकाळी मला म्हणालीस, पित्त झालं असेल. ते पित्त मी अजून विसरले नाही, आई. यावर तुझ्याशी एकदा भांडायचं होतं. तू तेवढाही वेळ दिला नाहीस.

शुद्धीवर आल्यावर बाबा पहिल्यांदा काय बोलले असतील? पायाचं नाही. ते म्हणाले, "क्लच कोन दाबीन आता?"

तुला आपली पिकअप कधी आवडली नाही. जुनी गाडी, सुरू होताना साऱ्या अंगणात धूर करायची. तू वाळत घातलेले कपडे उचलत बडबडायचीस. बाबा नि मी दर रविवारी तिच्याखाली शिरायचो. मागे भाजीचे जास्त कॅरेट बसावेत म्हणून आम्ही हौदा उंच केला, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवला, तेव्हा तू म्हणाली होतीस की बाप-लेक मिळून एक दिवस गाडीला शिंगंही लावतील. तू मधल्या सीटवर बसायचीस आणि समोरून काही आलं की दोन्ही पायांनी जमीन दाबायचीस. बाबा हसायचे, तुझ्याकडे ब्रेक नाही म्हणून. तू म्हणायचीस, नसू दे.

ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर मी लागले तेव्हाही तू महिनाभर नीट जेवली नाहीस. माझी वेणी पंख्यात अडकेल, जॅक सरकेल, डोळ्यात कचरा जाईल. मला तेव्हा राग यायचा. आता तेच सगळं माझ्या मनात येतं, तुझ्याच आवाजात येतं. काळजी कशी करायची ते तू शिकवलंस गं. थांबवायची कशी, ते काऊन नाही शिकवलं?

बाबांना कृत्रिम पाय बसवला. चालायला लागले, वावरात जाऊ लागले. पण त्या पायाखाली क्लच आहे की नुसती जमीन, हे त्यांना कळेना. पाय पेडलवरून सटकायचा. पिकअप अंगणातच उभी राहिली. शेजारचे गजूकाका आपला माल त्यांच्या गाडीत टाकून नेऊ लागले. माणूस फार चांगला. पण रोज सकाळी कॅरेट दुसऱ्याच्या गाडीत चढताना बाबा गोठ्याकडे तोंड करून उभे राहायचे. एक दिवस गजूकाका सहज म्हणाले की आता गाडी विकून टाक, गिऱ्हाईक मी पाहून देतो. बाबा हो म्हणाले. इतकं हळू म्हणाले की मला आत घरात भीती वाटली.

त्या रविवारी मी गाडीखाली शिरले. मला क्लच पायातून काढून हातात आणायचा होता. अडचण अशी की गिअर बदलायलाही तोच डावा हात लागतो आणि उजव्या हाताला स्टिअरिंग सोडता येत नाही. मग सुचलं. इंजिन सुरू असलं की एक छोटा पंप सतत हवा ओढत असतो. त्या ओढीमुळेच ब्रेक हलका लागतो, नाहीतर माणसाला तो दाबवणार नाही. तीच ओढ क्लचला दिली तर? भंगारातून एका गाडीच्या ब्रेकवरचा, ही ओढ झेलणारा गोल डबा आणला, त्याची ओढ क्लचच्या पेडलला जोडली आणि गिअरच्या दांड्यावर अंगठ्याखाली येईल असं बटण बसवलं. बटण दाबलं की पेडल आपोआप खाली, सोडलं की हळूहळू वर.

बाबा बाजूला खुर्ची टाकून पाने द्यायचे. मागायच्या आधीच पाना हातात यायचा. विकायचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

आधी मीच चालवून पाहिली, वावराच्या कडेने, रिकामी, मग भरलेली. एकदाही अडली नाही. मग बाबांना सीटवर बसवलं. त्यांनी दोन चकरा अशा मारल्या की काही झालंच नव्हतं जणू. तिसऱ्या चकरेला गाडी विहिरीकडच्या उताराला लागली आणि थांबेना. मी पळत होते, आणि मला त्यांचा उजवा पाय ब्रेकवर दिसत होता, पूर्ण जोर लावलेला. ब्रेक दगडासारखा झाला होता. मग मला काही दिसलं नाही. इंजिन बंद पडल्याचं ऐकू आलं. पाहिलं तर गाडी विहिरीच्या कठड्याला जवळजवळ टेकून उभी होती आणि बाबा आत शांत बसले होते.

मी आधी त्यांना खाली उतरवलं आणि मग बोनेट उघडून पाहिलं. मी जोडलेला जुना पाइप वाकवलेल्या जागी चिरला होता. ओढ तिथून निसटली. क्लच गेला, आणि ब्रेकही त्याच ओढीवर, म्हणून तोही गेला. दिवे लागायच्या आत मी सगळं उखडून पोत्यात भरलं. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यानंतर बरेच दिवस ते अंगणात बसायलाही आले नाहीत.

आई, त्या दिवसांत मी तुझ्यावर चिडले होते. वाटायचं, तू असतीस तर पहिल्याच दिवशी नाही म्हणाली असतीस, आणि मी हट्ट सोडला असता. तुझ्या नाही म्हणण्याचा आम्हाला किती आधार होता, हे तुला माहीत होतं का?

मग एका सकाळी मी कामावर निघाले, तर बाबा गाडीजवळ पोतं टाकून बसलेले. सरकत सरकत प्रत्येक चाकापाशी जाऊन जुनं ग्रीस पुसून नवं भरत होते. मी विचारलं, आता कशाला? गजूकाकांनी गिऱ्हाईक आणलं का? त्यांनी हात पुसले.

"गाडी मी थांबवली, शीतल," ते म्हणाले. "तू पाह्यलंच नाई. तू डोये झाकले होते."

ब्रेक कडक झाला हे कळताच त्यांनी किल्ली बंद केली होती. क्लच दबत नव्हता, म्हणजे गाडी गिअरमध्येच होती. इंजिन बंद झाल्यावर त्या गिअरनेच चाकं धरून ठेवली. वर हँडब्रेक ओढला. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. ज्याने इतकी वर्षं ही गाडी चालवली, त्यालाच सुचतं. आणि मी मात्र इतके दिवस त्यांच्याकडे विहिरीतून काढलेल्या माणसासारखं पाहत होते!

मी त्या दिवशी कामावर गेले नाही.

या वेळी पाइप नवा आणला, इंजिनच्या तापापासून लांबून नेला. क्लचसाठी हवेची वेगळी टाकी बसवली. मध्ये एक झडप टाकली, एकाच बाजूने हवा जाऊ देणारी. आता क्लचचं काहीही होवो, ब्रेकला त्याची झळ लागणार नाही. पण हे मला कागदावर पटत होतं, पोटात पटत नव्हतं. बाबांनी ते ओळखलं. म्हणाले, तो पाइप तूच काढून टाक, मी चालवतो, मग पाहू. मी नाही नाही म्हणत होते. शेवटी सपाट वावरात, पहिल्या गिअरवर, मी बाजूला बसून तो पाइप खेचून काढला. अंगठ्याखालचं बटण मेलं. बाबांनी किल्ली बंद करून ब्रेकवर पाय ठेवला, आणि ब्रेक लोण्यासारखा खाली गेला. असं त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलं. मी डोळे उघडे ठेवले. खरं सांगते, फार जड गेलं.

मग परिवहन कार्यालयात गाडी दाखवली. तिथल्या साहेबांनी खाली वाकून सगळं पाहिलं, मला खूप प्रश्न विचारले आणि स्वतः बाबांच्या बाजूला बसून मैदानात चकरा मारून घेतल्या. थोडे दिवस खेटे झाले, पण गाडीतला बदल आणि बाबांचा परवाना, दोन्ही रीतसर कागदावर चढले. परतताना बाबांनी वाटेत थांबून मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. साखरेचं तू लावून दिलेलं वळण ते अजून पाळतात.

आणि आज बाजाराचा दिवस. काल संध्याकाळी आम्ही वांगी तोडली, सांबाराच्या जुड्या बांधल्या, हाताला अजून कोथिंबिरीचा वास आहे. सकाळी कॅरेट चढवले. मी कामावरून सुट्टी घेतली होती, कारण मी सोबत जाणार होते. बाबा म्हणाले, नाही. साहेबाला दाखवली ती एकट्याने चालवायची गाडी, तुला सोबत घेऊन काय सिद्ध होईल? मी बरं म्हणून मान हलवली. गाडी फाटकाबाहेर वळली आणि मी स्कूटी काढली.

बरंच अंतर ठेवून जात होते. वळणावर गाडी दिसेनाशी झाली की जीव वर, पुन्हा तिचे दिवे दिसले की खाली. ब्रेकचे लाल दिवे लागले की माझाही हात ब्रेकवर. एक ट्रक त्यांना ओलांडून गेला तेव्हा मी रस्त्यात मोठ्याने बोलत होते, काय बोलत होते आठवत नाही. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी जो पेट्रोल पंप आहे ना, तिथे गाडी कडेला थांबली. मला वाटलं, बिघडली. मी वेग वाढवून गेले. बाबा काच खाली करून माझीच वाट पाहत होते.

मी म्हटलं, मलाही सेलूलाच काम आहे. त्यांनी काय काम ते विचारलं नाही.

"तू मांगं असली का माह्यं ध्यान आरशातच राह्यते," ते म्हणाले. "समोर कोन पाहीन?"

ते रागावले नव्हते. घरापासून तिथपर्यंत मी त्यांना राखत होते असं मला वाटत होतं, आणि ते सगळा वेळ रस्ता सोडून मला पाहत होते. मी स्कूटी वळवली. ते मी दिसेनाशी होईपर्यंत निघाले नसणार, हे मला माहीत होतं. म्हणून भराभर आले.

तेव्हापासून इथे बसून लिहिते आहे. तू इतकी वर्षं अशीच बसायचीस का गं? आम्ही दोघं बाहेर, तू घरात, आणि आलो की नुसतं विचारायचीस, जेवता का?

*

आई, बाबा आले.

दुपार कलली होती. मी दारात उभी नव्हते, मुद्दाम आत भांडी घासत होते. आवाज ओळखला. त्यांनी गाडी नेहमीच्या जागी लावली, रिकामे कॅरेट एकावर एक रचले, पाय धुतला. मी विचारलं, जेवता का? माझ्या तोंडून तेच निघालं.

जेवताना त्यांनी सांगितलं ते एवढंच. वांगी लवकर उठली, सांबार शेवटपर्यंत राहिला. बाजारातली माणसं गाडीभोवती जमली, बटण दाबून दाबून पाहत होती. परतताना रेल्वे फाटकापाशी चढावर गाडी एकदा बंद पडली. मागून हॉर्न वाजू लागले. मी घास तसाच हातात धरून ऐकत होते. मग काय केलं, मी विचारलं. काय करणार, ते म्हणाले, हँडब्रेक लावला, मागच्यांना हात केला, पुन्हा सुरू केली.

मग ताट सारून म्हणाले, "बटन सोडल्यावर क्लच जरा उशिरा सुटते. चढावर तेच नडलं. आज पाहजो."

आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. आता घोरत आहेत.

उशिरा सुटतो म्हणजे हवा परत आत यायची वाट अरुंद पडते आहे. ते मला करता येईल, अंधार पडायच्या आत होईल. किती दिवसांनी त्यांनी मला असं काम सांगितलं, आई! मधले इतके महिने आम्ही एकमेकांना फक्त सांभाळत होतो.

पुढच्या बाजाराला ते पुन्हा जातील. तुला वचन देते, मी त्यांच्या मागे जाणार नाही. काळजी करणार नाही असं म्हणत नाही, ते मला जमणार नाही आणि तुलाही खरं वाटणार नाही. पण करीन ती इतक्या लांबून, की त्यांच्या आरशात दिसणार नाही.

चल, पाने काढते. ऊन उतरतं आहे.

तुझी,
शीतल