ल्वारकाठचे किल्ले

२ मे २००६
मी औषधांच्या रांगेत होते, तेवढ्यात प्रबोध एकटाच डॉक्टरांशी बोलून आला. "जूनमध्ये फ्रान्सला जाऊन या म्हणाले. आपण ठरवलेल्या सप्टेंबरची वाट नको." कॅन्सर झालेल्या माणसाने हे हसत सांगावं! ल्वार नदीकाठचे किल्ले, भोवतालची खेडी — दहा वर्षं इथे सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून नकाशे काढतोय माझा नवरा.

४ मे
घोळ झाला. माझ्या पासपोर्टची मुदत ऑगस्टमध्ये संपते, आणि व्हिसासाठी परतल्यावरही तीन महिने शिल्लक लागतात. आधी नवा पासपोर्ट, मगच व्हिसा! प्रबोध आणि क्षिप्रा सिंगापूरचे नागरिक, त्यांना व्हिसा लागतच नाही. त्यांनी नागरिकत्व घेतलं तेव्हा मीच हटून बसले होते — मी भारतीयच राहणार म्हणून. घ्या आता.
"तुम्ही बापलेक जा," म्हटलं.
"तुझ्याशिवाय? खड्ड्यात गेले किल्ले."

११ मे
आमच्या ब्लॉकची लिफ्ट पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबते. आम्ही सातव्यावर. हल्ली तो नवव्यावर उतरून दोन जिने खाली येतो, चढणं नको म्हणून. एका दमात राजगड चढायचा हा! आज मध्येच पायरीवर बसला. क्षिप्रा रडवेली — "पप्पा, कॅसल गॉट सो मेनी स्टेप्स, हाऊ टू क्लाइंब लाह?"
"खालून बघू गं," म्हणाला.

१९ मे
चित्रं दाखवत होता. मी म्हटलं, शोभेचे बुरूज, खंदकात बदकं — याला किल्ला म्हणायचं? खूप हसला, मग पोट धरून बसला. कशाला बोलले मी!
शिवाय मला वहीत सगळं लिहून घ्यायला लावतो. बस कुठून, कुठल्या खेड्यात शनिवारचा बाजार, कुठल्या किल्ल्यात आधी स्वयंपाकघर बघायचं. "तू असशील ना बरोबर!" म्हणून वैतागले. "लिही गं," एवढंच.

२६ मे
नवा पासपोर्ट आला. व्हिसाचा फॉर्म त्यानेच बसून भरला. मी घाईघाईत सही केली.

६ जून
इस्पितळात. डोळे हळदीसारखे पिवळे.

१३ जून
व्हिसा मिळाला. उघडूनही न बघता धावत वॉर्डात नेला. त्याने चष्मा मागितला, पासपोर्टचं पान डोळ्यांशी धरून वाचलं. "झालं बाई एकदाचं." पासपोर्ट उशीखाली ठेवला. माझा हात सोडेना.

१५ जून
प्रबोध गेला.

२८ जून
काल तेरावं झालं. शेजारच्या सरोजिनीवहिनी म्हणाल्या, "नशिबात नव्हतं हो." नशीब कसलं? माझा पासपोर्टचा हट्ट. मेमध्येच निघालो असतो तर खालून का होईना, बघितले असते त्याने. मी नेलं नाही त्याला. जेवण जात नाही.

५ जुलै
क्षिप्राला त्याच्या खणात ट्रॅव्हल एजंटचं पाकीट सापडलं. तिकिटं सप्टेंबरची. पासपोर्ट आत्ता उघडून बघितला — व्हिसाही सप्टेंबरचाच.
तिकिटं दोनच. एक माझं, एक क्षिप्राचं. काढल्याची तारीख ३ मे.
म्हणजे माझ्या पासपोर्टमुळे काहीच अडलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी, मी औषधांच्या रांगेत असताना, आता प्रवास जमणार नाही म्हणून सांगितलं होतं.
लबाडा! मला सांगायचंस तरी.