एक पातळ वॉशर आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय दातांच्या कवळ्या तयार करणे (आता निवृत्त), हा मजकूर स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचे मत माझे नसून आमच्या डॉक्टरांचे आहे. त्यांनी रक्तदाब पाहिला, आज वार कोणता ते विचारले, मी बरोबर सांगितले, आणि तेवढ्यावर दाखला लिहायला घेतला. पत्नीने शेजारून विचारले, "गाडीबद्दल काही विचारणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, "गाडीबद्दल विचारलं तर दाखला देता यायचा नाही."

माझे कागदोपत्री नाव सहीत येईलच. गल्लीत ते कोणी वापरत नाही. सगळे मला कवळीवाले म्हणतात.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. त्यावर इतर कोणी हक्क सांगू नये. घरात मागची खोलीही धरलेली आहे. तिथे माझी पॉलिशची मोटर, प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेले दोन खण आणि गाडीचे सुटे भाग आहेत. जबडे आणि सुटे भाग एकमेकांत मिसळले आहेत, त्याबद्दल दिलगीर आहे. जबडे खुशाल टाकून द्यावेत. त्यांचे बरेचसे मालक माझ्याआधी गेले, आणि उरलेल्यांच्या हिरड्या आता बदलल्या असतील.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नीच्या, तिच्या पश्चात मुलीच्या. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. गाडी. दोन माणसांची, लाल, छप्पर मागे दुमडणारी, स्पोर्ट्स कार या वर्गात मोडणारी. वीस वर्षे मी ज्या एका दंतवैद्यांना कवळ्या पुरवल्या त्यांच्याकडून ती घेतली. त्यांना गाडीत बसता येई, पण उठता येईना, कंबर धरायची. माझी कंबर चांगली होती. डोके तपासून घ्यायला हवे होते.

गाडी चालत होती. हे नोंदवून ठेवतो, कारण त्यानंतर मी ती सुधारायला घेतली. मला वाटले, केसाएवढा फरक जिभेला टोचतो त्या धंद्यात आपण हयात घालवली, तर नट-बोल्ट म्हणजे काय मोठेसे! पहिल्या वर्षी मी छोटे स्टिअरिंग बसवले. त्यानंतर डावीकडे वळले की हॉर्न वाजे. उजवीकडे वळले तर वाजत नसे, त्यामुळे सहा महिने आम्ही शक्यतो उजवीकडची ठिकाणे गाठली. दुसऱ्या वर्षी स्प्रिंगा बदलून गाडी तीन बोटे खाली आणली. ती आमच्याच फाटकासमोरच्या गतिरोधकावर पोटावर अडकली, आणि चार शेजाऱ्यांनी उचलून आत ठेवली. पत्नी दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "पाळण्यात ठेवल्यासारखी ठेवलीत हो." हे शेजाऱ्यांचे कौतुक होते, माझे नव्हे.

ही गाडी कोणाला द्यायची ते कलम ६ मध्ये लिहिले आहे.

कलम ४. हत्यारे, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, जॅक, आणि ठरावीक दाबाला कटकन आवाज करून थांबणारा पाना, हे सर्व माझ्या मुलीला. ती लिफ्ट तपासते. इमारती-इमारतींत जाऊन, माणसे वर नेणारी दोरी अजून किती दिवस टिकेल हे लिहून देते. तिच्या सहीशिवाय लिफ्ट हलत नाही. तिने मला फोनवर शंभरदा सांगितले असेल, "बाबा, आधी पुस्तक वाचा, मग पाना हातात घ्या." गाडीचे ते माहितीपुस्तकही तिलाच. चाळिसाव्या पानापर्यंत त्याला ऑइलचे डाग आहेत. त्यापुढे ते कोरे करकरीत आहे.

ब्रेकचे प्रकरण एकोणसाठाव्या पानावर आहे.

कलम ५. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना गाडीचा मूळचा, शांत सायलेन्सर. तो काढून मी मोठ्या आवाजाचा बसवला तेव्हापासून त्यांनी मला बावीस पत्रे लिहिली. प्रत्येक पत्र 'महोदय' ने सुरू होऊन 'कळावे' ने संपते. मी एकालाही उत्तर दिले नाही. उलट त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी इंजिन जरा जास्तच तापवले. पत्रांतला एकही मुद्दा चुकीचा नव्हता. एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. ती मी तांबड्या पेनाने दुरुस्त करून पत्र परत पाठवले होते, त्याबद्दल क्षमा असावी.

कलम ६. गाडी मी मिस्त्रींना देतो.

मिस्त्री म्हणजे चौकातल्या गॅरेजचे तेव्हाचे मालक. आता ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात. गाडी त्यांनाच का, हे सांगायला हवे.

अकरा वर्षांपूर्वी मी ब्रेकचे रबरी पाइप काढून त्या जागी स्टीलच्या जाळीचे पाइप घालायचे ठरवले. त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रींकडे होती, पण ती फक्त चाके सरळ करायला. शुक्रवारी गाडी घरी आणली आणि शनिवारी दुपारी, पत्नी बाहेर गेलेली असताना, पाइप बदलायला बसलो. हा पाइप चाकाच्या ब्रेकला जिथे जोडतात तिथे तांब्याचा एक वॉशर असतो, अंगठीएवढा. तो एकदा आवळला की दबतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. नवे वॉशर पाकिटात होते. मी ते बाजूला ठेवले. जुना वॉशर उचलला आणि मागच्या खोलीत जाऊन, ज्या चाकावर आयुष्यभर कवळ्या चमकवल्या त्याच चाकावर तो घासून आरशासारखा केला. इतका सुंदर वॉशर जगातल्या कुठल्याही ब्रेकमध्ये नसेल. तो पातळ झाला होता, हे माझ्या बोटांना कळलेसुद्धा होते. मला चकाकी आवडली.

रविवारी मी पत्नीला नवे ब्रेक दाखवायला बाहेर नेले. ते कोणी बसवले हे गाडी थांबल्यावर सांगणार होतो; तिला वाटले, गॅरेजनेच. ती येत नव्हती. दोन तास मनधरणी केली. पाण्याच्या टाकीच्या उतारावर मी ऐटीत म्हणालो, "आता बघ हं," आणि पाय ठेवला. पायाखाली काहीच नव्हते. गाडी इतकी जुनी की चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलचा मार्ग एकच, आणि ते सगळे त्या वॉशरच्या फटीतून रस्त्यावर गेले होते. हँडब्रेक ओढला. गाडी निम्मी थांबली, आणि निम्मी वाचनालयाच्या भिंतीवर गेली. पत्नीने आधारासाठी उजवा हात पुढे टेकवला होता. मनगट दोन ठिकाणी मोडले.

ती तेव्हा कपडे बेतायची आणि शिवायची. कात्री फिरवताना तिचा हात कधी अडला नव्हता. ते मनगट पुन्हा पूर्ण वळले नाही. आज ती डाव्या हाताने लिंबू पिळते, आणि शिवणयंत्रावर कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या असतात.

दवाखान्याच्या बाकावर माझ्या मेहुण्याने विचारले, "असं झालंच कसं? गाडी कोणाकडे होती?"

मी म्हणालो, "परवाच तर गॅरेजमधून आणली."

या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. मेहुणा बोलका माणूस. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळले की मिस्त्रींनी ब्रेक नीट लावले नाहीत. त्या क्षणी दोष नक्की कोणाचा हे मला माहीत नव्हते. माझ्या बाजूने लिहिण्यासारखे एवढेच. मंगळवारी मी चाक काढले आणि वॉशर पाहिला. कडेला चिरला होता. अजून चमकत होता.

बुधवारी मिस्त्री घरी आले. पायरीवरच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "कवळीवाले, ब्रेकला मी हात लावला नव्हता. तुम्हाला तर माहीतच आहे."

मला माहीत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या मिस्त्री. होतं असं माणसाच्या हातून. माझ्या मनात काही नाही."

म्हणजे मी त्यांना माफ केले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले आणि दार लावून घेतले. गल्लीने माझ्या मोठ्या मनाची तारीफ केली. मिस्त्रींकडे गाड्या यायच्या कमी झाल्या. वर्षभरात त्यांनी गॅरेजचे शटर कायमचे ओढले. मी आयुष्यात हजारो खोटे दात केले. पण ते तोंडातून काढून पेल्यात ठेवता येत.

हा मजकूर माझ्या मागे वाचला जावा, अशी व्यवस्था केली आहे. मेल्यावर खरे बोलण्याचे धाडस माझ्यात पहिल्यापासूनच आहे.

पुढील मजकूर. वरचे सर्व मी गेल्या महिन्यात लिहिले. यापुढचे आज लिहीत आहे, कारण मध्यंतरी व्यवस्था बिघडली. गुरुवारी सकाळी पत्नी चष्मा शोधत होती. चष्मा या कागदांवर होता. ती खुर्चीत बसली आणि सहाही कलमे वाचली. मी न्हाणीघरातून बाहेर आलो तेव्हा ती उजवे मनगट डाव्या हातात धरून बसली होती.

तिने कागद माझ्यासमोर सरकवले. मग म्हणाली, "मिस्त्रींच्या बायकोशी मी अकरा वर्षं बोलले नाही. बाजारात समोर आली तर रस्ता बदलला. आणि हे तुमच्यामुळे?"

मी म्हणालो, "लिहिलंय ना सगळं. माझ्या मागे त्यांना कळेलच."

"तुमच्या मागे? आणि तुमच्याआधी ते गेले तर?"

याचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या सगळ्या योजनेत मिस्त्री अमर होते.

"हाताचं काय करायचं ते मी नंतर बघीन," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलायचं की नाही, तेही. आधी त्यांना बोलवा. नाहीतर मी जाते."

मी फोन लावला. काय काम आहे ते सांगता येईना. "पंप बिघडलाय," असे म्हणून गेलो, म्हणजे खरे बोलायला बोलावतानाही खोटेच बोललो. पत्नीने फोन माझ्या हातातून घेतला. "पंप चांगला आहे," ती म्हणाली. "रविवारी सकाळी या. दोघंही या."

आज दोघेही आले. मिस्त्रींचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. पत्नी त्यांच्या बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. प्रथम भांडी आपटल्याचा आवाज आला, मग चहा ओतल्याचा.

मी मिस्त्रींसमोर कागद ठेवले आणि सहाव्या कलमावर बोट ठेवले. त्यांनी चष्मा पुसून ते वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "वॉशर घासला? कशावर?"

"पॉलिशच्या चाकावर."

"दातांच्या? दाखवा."

मी मागच्या खोलीत नेले. त्यांनी मोटर चालू केली, फिरणाऱ्या चाकाला नखाची कड लावून पाहिली, बंद केली. पाठ माझ्याकडे करून उभे राहिले.

"अकरा वर्षं," ते म्हणाले, "मी झोपताना ती गाडी खोलून बघतो. हे चाक, ते चाक. कुठला नट राहिला? कारण कवळीवाल्यांसारखा माणूस उगाच माफ करणार नाही. मलाच वाटायला लागलं होतं हो, की मी ब्रेकला हात लावला असेल."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडले. त्यांनी हात वर केला. "खांद्यावर तेवढा हात ठेवू नका."

हे मी एरवी कोणाला सांगितले नसते: मी तिथेच जबड्यांच्या खणाला टेकून रडलो. रडताना माझी स्वतःची कवळी सैल झाली. ती मीच केली होती.

थोड्या वेळाने टेबलाशी येऊन मी म्हणालो, "गाडी तुमची. वकीलबाईंना विचारतो, सही कुठे करायची." माझ्या मृत्युपत्राचे काम पाहणाऱ्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या की तुम्ही आजच सही करणार असाल तर दोन साक्षीदार हवेत. डॉक्टर रक्तदाब पाहायला येणारच होते, ते एक. दुसरे मिस्त्री चालतील का, मी विचारले. त्या म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये.

मिस्त्रींनी ते ऐकले. "मग गाडी खोडा," ते म्हणाले.

"अहो, पण ती मी तुमच्यासाठीच..."

"गाडी घेतली तर लोक म्हणतील, काहीतरी घेऊन गप्प बसला. साक्षीदार झालो तर हे सगळं माझ्या सहीनिशी राहील." त्यांनी खिशातून पेन काढले. "आणि गाडी तुम्ही सुधारलेली आहे. मला धोका नको."

म्हणून कलम ६ चे पहिले वाक्य मी रद्द करत आहे. बाकीचे कलम जसेच्या तसे राहील. गाडी पत्नीच्या मालकीची, आणि तीही माझ्या पश्चात नव्हे, आजपासून. तिने किल्ली घेतली आणि मिस्त्रींच्या बायकोला विचारले, "बसायचंय का एकदा?" ती म्हणाली, "आधी यांना चाकं काढून बघू दे." मिस्त्री आत्ता, मी हे लिहीत असताना, अंगणात जॅक लावत आहेत. मला काच पुसायची परवानगी आहे. फक्त बाहेरून.

या कागदाच्या प्रती कराव्यात आणि त्यांतली एक मेहुण्याला द्यावी. तो बोलका आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचेल, आणि त्यासाठी मी मरायची वाट पाहू नये, असे सर्वांचे मत पडले आहे.

वरील मजकूर मी वाचला, समजून घेतला, आणि जिवंतपणीच कबूल केला.

सही: कागदोपत्री नावाने (कवळीवाले)

साक्षीदार १: डॉक्टर. रक्तदाब नेहमीपेक्षा जास्त. शुद्धीवर आहेत. सही.

साक्षीदार २: माझ्यासमोर सही केली. कागद मी धरला होता. पंप दुरुस्ती, पूर्वी गॅरेज. उद्यापासून पुन्हा गॅरेज. सही.

ठिकाण: जेवणाचे टेबल, राहते घर
दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार, दुपारचे बारा