दुसऱ्या मजल्यावरचा कॉम्प्युटर

सोम. १७ मार्च ९७
बसवनगुडीच्या शाळेची पुन्हा तक्रार. ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळी सुरू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. मी पोचेपर्यंत अकरा वाजले, तर तो सुरळीत चालू. क्लार्क सरोजम्मा ओशाळल्या, जणू खोटं बोलताना सापडल्या. रॅम काढून पुसली, परत बसवली. दुसरा मजला. जिन्यात दोनदा थांबले. मळमळ.

मंगळ. १८
आजही बंद. पॉवर सप्लाय बदलला. बसने नेला. फार जड नाही, तरी घरी सुधीरला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, काही उचलायचं नाही. जुलैत गेलं ते आठव्या आठवड्यात. आता सातवा संपतोय.
सु. म्हणतो नोकरी सोड. नागपूरला असतो तर निदान आई...
आमच्या ऑफिसात कळलं तर रावसर बाहेरची कामं बंद करतील. माझ्याआधीच्या मुलीला लग्न ठरल्याबरोबर काउंटरवर बसवलं. महिन्याभरात ती गेलीच.

गुरु. २०
काल चालला, आज परत तेच. या वेळी साडेआठलाच गेले, गार मशीन बघायला. मदरबोर्ड बोटाने हलकेच दाबला तर सुरू. म्हणजे बारीक चीर. रात्रभर गार पडला की सुटते, तापला की जुळते. आधीचे दोन खेटे उगाच. थकले, पण कारण सापडलं.
सगळ्या वर्गांचे वार्षिक गुण त्यात. सरोजम्मांनी तीन आठवडे बसून भरलेले, दुसरी प्रत नाही. आधी ते फ्लॉपीवर उतरवले.
मशीन वर्कशॉपला न्यायचं, तर शिपाई रजेवर. मी कॅबिनेटला हात घातला आणि तशीच उभी राहिले. घाबरले, खरं तर. सरोजम्मा बघत होत्या.
"तू मत उठा," म्हणाल्या. मग हळूच, "कितना महिना?"
आईलाही अजून कळवलेलं नाही. त्यांना दोन बोटं दाखवली.
पन्नाशी उलटलेल्या बाई. पदर खोचून त्यांनी कॅबिनेट उचललं आणि एकेक पायरी उतरल्या. मागे मी, हातात नुसत्या वायरी. रिक्षात ठेवून धापा टाकत कानडीत एवढंच म्हणाल्या, "सरी." म्हणजे ठीक.
रिक्षा सुटल्यावर रडू आलं. कशाचं ते...

शुक्र. २१
बोर्ड बदलला. संध्याकाळी दुसऱ्या इंजिनिअरने मशीन पोचवलं.
रावसरांना सांगून टाकलं. कोणत्या शब्दांत, आठवत नाही. ते पेन फिरवत बसले. सोमवारी बघू, म्हणाले.
सु. म्हणाला बरं केलंस. जेवले नाही.

शनि. २२
सकाळीच शाळेचा फोन. पडदा काळा. रावसर दुसऱ्याला पाठवायला निघाले. मी म्हटलं, "सर, दोन मिनिटं," आणि फोन मागून घेतला. पलीकडे सरोजम्मा. आधी बंद करा, म्हटलं, मागची एकेक वायर आत दाबा, आता लावा. रिसीव्हरमधून बारीक बीप ऐकू आली. एकच. म्हणजे बोर्ड ठीक.
"अक्षर आया," त्या म्हणाल्या. मॉनिटरची वायर सैल राहिली असणार. मग त्यांनीच विचारलं, नाश्ता केलास का. केला, म्हटलं. खोटंच.
रावसर शेजारी उभे राहून ऐकत होते. लगेच दुसरा फोन वाजला, मल्लेश्वरमचं गिऱ्हाईक. सरांनी उचलला, ऐकला, रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.
हे चांगलं की वाईट, कळेना. बसले. विचारलं, मशीन लावल्यावर काही आवाज येतो का?