न मोडलेलं घर

टोकियो, ऑक्टोबर १९७२

प्रिय कियोहारू,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट आधी उलटंसुलटं करशील आणि मग आईच्या नजरेआड जाऊन फोडशील, हे मला इथे बसून दिसतंय. रागावण्याचा हक्क तुला आहेच. फक्त पत्र पुरतं वाच आणि मग रागाव.

आधी स्टुडिओच्या बातम्या. यंदाच्या चित्रपटातही परग्रहवासी आलेच आहेत. चंदेरी कपडे, काळे चष्मे, आणि बोलणं मात्र बँकेतल्या कारकुनासारखं अदबशीर. या खेपेला त्यांना पृथ्वीवरचं सगळं पाणी हवंय. एवढ्या लांबून येऊन हे लोक दर वेळी नेमके आपल्याच नव्या पुलावर का उतरतात, असं तू विचारायचास. अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही. ते राक्षसाला बिनतारी लहरींनी ताब्यात ठेवतात, तो गावं तुडवतो, शेवटी लहरी तुटतात आणि तो आपल्या बाजूला येतो. पण थिएटरं ओस पडलीत, लोक घरी टीव्हीसमोर बसतात, म्हणून आम्हाला तुडवायचं छोटं शहर निम्मंच बांधायला सांगितलंय. उरलेलं पडद्यावर रंगवायचं. तुझ्या जागी राक्षसाच्या पोशाखात आता ओगाता असतो, जूदो खेळलेला, आडदांड. मेहनती आहे बिचारा, पण त्याचा राक्षस नुसता चालतो. तुझा थकायचा. त्याला कुठेतरी घरी जायचंय असं वाटायचं. मला त्याची फार आठवण येते. खोटं कशाला बोलू, मला तुझी आठवण येते.

जेवणाच्या सुट्टीत तू रबराच्या पोशाखातून कमरेपर्यंत बाहेर येऊन जवाचा गार चहा प्यायचास आणि तुझ्या गावच्या, शिओगामाच्या गोष्टी सांगायचास. आईचं टोफूचं दुकान, दारावरचा निळा पडदा, दगडी हौद, माडीवरची कधीच नीट न लागणारी खिडकी. मी ऐकत ऐकत वीतभर छपरांवर कौलं चिकटवायचे. आपलं काय चाललंय हे सबंध विभागाला कळलं होतं, आपल्या दोघांना सोडून. तू काही विचारलं नाहीस आणि मीही कमी हट्टी नव्हते. मग तो उत्तरेकडच्या बंदराचा चित्रपट आला. आमचे प्रमुख ताशिरो-सान यांनी मासळीबाजाराची गल्ली माझ्याकडे दिली, आणि मी तुला न सांगता कोपऱ्यावर तुझ्या आईचं दुकान बांधलं.

तुडवायची घरं कशी करायची हे तिथे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. पातळ प्लास्टर, आणि आतून करवतीने खाचा, म्हणजे पाय पडला की भुगा. तुला पोशाखाच्या मानेतल्या दोन भोकांतून जेमतेम दिसायचं, म्हणून तू पावलं मोजून चालायचास. धक्क्यापासून अकरा, मग डावीकडे तीन. तिसरं पाऊल त्या कोपऱ्यावर. मला हे माहीत होतं. चार संध्याकाळी मी करवत घेऊन त्या घरापुढे बसले, आणि हात चालेना. घर मी लाकडाचंच ठेवलं, वरून प्लास्टरचा हात फिरवला. तू कोपऱ्याला निसटता पाय लावशील, निभावून जाईल, असं मी स्वतःला समजावलं. शहाणपण पाहा माझं.

तुझं तिसरं पाऊल त्या न मोडणाऱ्या घराला अडखळलं आणि तू आडवा कोसळलास. शेपटीने आकाशाचा पडदा खाली आणला, परग्रहवाल्यांच्या दोन तबकड्या तारेसकट पाण्यात गेल्या, आणि चाळीस दिवस खपून बांधलेलं शहर एका क्षणात, कॅमेऱ्यात न येताच गेलं. तुला पोशाखातून ओढून काढलं तेव्हा तुझा गुडघा भलतीकडेच वळला होता. तू तिथेच, माझ्या घराशेजारी जमिनीवर पडून म्हणालास, "पावलं मोजायला चुकलो." सगळ्यांनी ते मानलं. मी केरसुणी घेतली, घर एप्रनखाली लपवलं आणि गप्प बसले. महिन्याभराने तू काठी टेकत गावी निघालास, तेव्हाही गप्पच. भित्री म्हण, काहीही म्हण.

काल ताशिरो-सान ओगाताला पावलं शिकवत होते. कुणीतरी हसून म्हणालं, कियोहारूसारखं मोजू नकोस. ही थट्टा मी तीन वर्षं ऐकतेय. काल ऐकवली नाही. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "त्याची मोजणी बरोबर होती. घर माझं चुकलं होतं." मोठा गहजब होईल असं वाटलं होतं. ताशिरो-सान नुसते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या टेबलाखाली लाकडाचा भुसा होता. पण तो स्वतःच चुकलो म्हणाला, मग त्याचा शब्द मी कशाला मोडू?" आणि त्यांनी विचारलं, त्याला लिहिलंस का? म्हणून आज लिहायला बसले.

माफी मागायची आहेच, ती मागते. पण खरं तर हे पत्र एका प्रश्नासाठी आहे. मला त्या घरात खाचा का मारवल्या नाहीत, ते तुला सांगते. निळ्या पडद्याआड, जिथे कॅमेरा पोहोचत नाही, तिथे उंबऱ्यावर मी काडीपेटीच्या काडीतून कोरलेल्या लाकडी चपला ठेवल्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या. एक जोडी तुझी, एक माझी. त्या दिवशी घर घरी आणून उघडलं, तर तुझी जोडी जागेवर होती, चिकटवलेली, जशीच्या तशी. माझी नव्हती. तिथे नखाने खरवडून काढल्याचा ओरखडा होता. मी तिसऱ्या दिवसापर्यंत सगळा कचरा चाळला, प्लास्टरचा कण न् कण. ती सापडली नाही. कियोहारू, ती तुझ्याकडे आहे का? असली तर एक ओळ लिही. मी पुढची गाडी पकडते.

विचारायला इतका उशीर लावणारी, तरी तुझीच,
मित्सुयो