मराठी गटाची सरासरी

३ जानेवारी २०१६, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: पालक समितीचं काम ऑफिसच्या कामाइतकंच गंभीरपणे करायचं. परदेशातली ही भारतीय शाळा लहान, दोन शाखा मिळून जेमतेम चारशे मुलं, आणि सहावीचे गणिताचे निकाल घसरतायत. सगळे नुसते टीचरांना नावं ठेवतात, डेटा कोणी बघत नाही. मला समितीप्रमुख केलं ते उगीच नाही. दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

आमची शिवांगी सहावीतच आहे. म्हणून तिचा रिपोर्ट मी बघणार नाही. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट. नीता काहीतरी सांगायला लागली, पण तेच तर ऐकायचं नाहीये.

१६ जानेवारी, शनिवार
शाळेच्या ऑफिसकडे आकडे मागितले. मातृभाषा, राहायला सरकारी फ्लॅट की खाजगी काँडो, गणिताचे मार्क, पालक टीचरना भेटले की नाही. नावं नकोत, गटात किती मुलं तेही नको, फक्त सरासरी द्या असं बजावलं. संख्येवरून मूल ओळखू येतं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, एवढी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती. दिवसभर मूड छान.

गणिताच्या टीचरनी पुन्हा भेटायला बोलावलंय म्हणे. नीताला जाऊ नको म्हटलं. समितीप्रमुखाची बायको समोर येऊन बसली की टीचरवर दबाव येतो. नीता भाजी जरा जोरात चिरत होती.

२४ जानेवारी, रविवार
आकडे आले. तोआ पायोहच्या फ्लॅटमधली मुलं मागे असतील असा अंदाज होता. ती आम्हा क्वीन्सटाउनच्या काँडोवाल्यांच्या पुढे आहेत. काहीतरी गडबड असणार. हा तक्ता सध्या बाजूला.

मातृभाषेचा तक्ता मात्र धक्कादायक. तमिळ, तेलुगू, हिंदी, कोकणी, सगळे ठीक. मराठी तळाला! गणितात सरासरी एकतीस. पालकभेट शून्य टक्के. शरमेनं मान खाली गेली.

सहावीत मराठी मुलं दोनच. आमची शिवांगी आणि बाबाजीचा संकेत. बाबाजी मरीन इंजिनिअर, अर्धं वर्ष जहाजावर. शिवांगीचे साठ धरले तर संकेतचे दोन येतात. बिचारा! आणि पालकभेटीचं म्हणाल तर आमचं शून्य तत्त्वाचं आहे, त्यांचं निष्काळजीपणाचं.

७ फेब्रुवारी, रविवार
शिफारशी मॅडमना मेल केल्या. एक: पस्तीसच्या खालच्या मुलांना एप्रिलपासून वेगळ्या बॅचमध्ये सहावी पुन्हा. दोन: त्या बॅचच्या फॉर्मवर वडिलांचीच सही, आया भावनिक होतात. तीन: वर्षभर टीचरना न भेटलेल्या पालकांनी आता भेटीची वेळ मागू नये. कडक आहे, पण बाबाजीसारख्यांना जाग यायला हवी.

उद्यापासून चायनीज न्यू इयरची सुट्टी. शिवांगीच्या पोटात सारखं दुखतंय. शाळेत असताना जास्तच दुखतं म्हणे. कँटीनचं खाणं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसातून थेट तोआ पायोहला, बाबाजीकडे. सध्या तो घरी आहे. उद्याच्या पालकसभेतल्या प्रेझेंटेशनआधी त्याला कल्पना द्यावी, चारचौघांत माणसाचा अपमान नको. समजुतीच्या सुरात सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग संकेतला हाक मारून रिपोर्ट आणायला सांगितला. गणितात चौऱ्याण्णव. त्याची बायको कारवारची, घरात कोकणी, म्हणून शाळेच्या फॉर्मवरही कोकणीच. टीचरांची एकही भेट तिने चुकवलेली नाही.

निघताना बाबाजीने विचारलं, शिवांगी बरी आहे ना? संकेत सांगत होता, हल्ली ती रिसेसला एकटीच बसते. मी म्हटलं, मजेत आहे.

घरी येताना रॅफल्स प्लेसला मेट्रो बदलायची विसरलो, थेट मरीना बेला उतरलो. संकेत कोकणीत. मग मराठी गटात कोण? ऑफिसची चूक असणार. प्रेझेंटेशन झालं की तपासतो.

२० फेब्रुवारी, शनिवार
स्लाइड बदलायचं काम शिवांगीला दिलं होतं. मुलीचा आत्मविश्वास वाढावा म्हणून. मातृभाषेची स्लाइड आली. मराठीची पट्टी मी लाल केली होती, ठळक. ती स्लाइड पुढे जाईना. मी नेक्स्ट म्हटलं. पुन्हा म्हटलं. वर बघितलं तर सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. वर्गात मराठी एकच, हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाबाजी खाली बुटांकडे बघत बसला होता.

शिफारशी जशाच्या तशा मंजूर. टाळ्या.

घरी आल्यावर रिपोर्ट मागितला. एकतीस. खाली टीचरनी दर टर्मला तेच लिहिलंय: मुलीला गणित येतं, पण परीक्षेत घाबरते, बाबा रागावतील म्हणते. वडिलांनी कृपया एकदा भेटावं. मी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही. फक्त सरासरीबद्दल बोलतो. जेवताना बोलतो. रोजच बोलतो.

फार वाईट वाटतंय.

२४ फेब्रुवारी, बुधवार
टीचरना फोन केला. भेटायचंय म्हटलं. त्या अवघडल्या. म्हणाल्या, सर, नियम तीन. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिल्याच केसमध्ये समितीप्रमुखांसाठी नियम मोडला तर लोक काय म्हणतील? तुम्हीच सांगा. मी फोन ठेवला.

संध्याकाळी शिवांगीने वेगळ्या बॅचचा फॉर्म आणला. नीताने पेन उचललं, तर शिवांगीने तिला थांबवलं. आईची चालत नाही लाह, बाबाचा रूल आहे, इथल्या मुलांच्या सुरात म्हणाली. खाली सह्यांच्या दोन जागा. एक पालक, एक समितीप्रमुख. दोन्हीकडे मीच सही केली.

तिने फॉर्म नीट तपासून दप्तरात ठेवला. म्हणाली, बाबा, पालकच्या जागी तू या वर्षी पहिल्यांदाच सही केलीस.